मरण मागणाऱ्याला मंडळीचे उत्तर

शास्त्रपाठ : १ राजे १९:१-८, २ शमुवेल १:१-१६, प्रेषितांची कृत्ये १६:२५-३४

अंथरुणाला खिळलेल्या एखाद्या वृद्ध भगिनीच्या घरी आपण प्रार्थनेस जातो. शास्त्रवाचन होते, प्रार्थना होते, आणि निघताना ती हात धरून म्हणते, "आता प्रभूने मला न्यावे. घरच्यांना माझा किती त्रास!" हे वाक्य ज्याने ऐकले नाही असा पाळक किंवा वडील विरळाच. आपण "असे बोलू नये, आजी," म्हणतो आणि चपला घालतो.

पण त्या वाक्याचे दोन भाग आहेत. पहिला भाग प्रभूला उद्देशून आहे. ती प्रार्थना आहे. दुसरा भाग आपणांस उद्देशून आहे. तो प्रश्न आहे. "मी तुम्हांला जड झाले आहे काय?" असे ती विचारीत असते.

गेल्या काही वर्षांत जगातील अनेक देशांनी या प्रश्नाला कायद्याने उत्तर देण्यास आरंभ केला आहे. नेदरलँड्समध्ये दयामरणाचा कायदा १ एप्रिल २००२ पासून अमलात आला, बेल्जियमने त्याच वर्षी तसा कायदा केला आणि कॅनडाने २०१६ साली केला. आपल्या देशात असा कायदा नाही. परंतु न्यायालयांत हा विषय अनेकदा आला आहे. आमच्या तरुण संघांतही प्रश्न विचारला जातो, "तडफडणाऱ्या जनावराला आपण यातनेतून सोडवतो, मग माणसाला का नाही?" प्रश्न विचारणारा बहुधा दयेपोटीच विचारतो. म्हणून त्याला दटावून गप्प करणे योग्य नाही. त्याला उत्तर दिले पाहिजे.

१. आधी शब्द स्पष्ट करू या

या विषयावरील पुष्कळसा वाद शब्दांच्या घोटाळ्यातून होतो. चार निरनिराळ्या गोष्टींना लोक एकच नाव देतात.

पहिली गोष्ट : रोग्याचा जीव जावा या हेतूने डॉक्टरने त्याला प्राणघातक औषध टोचणे. हे खरे दयामरण.

दुसरी : रोग्याने स्वतः घेऊन मरावे म्हणून डॉक्टरने ते औषध त्याच्या हाती देणे. ही साहाय्याने केलेली आत्महत्या. अमेरिकेतील ऑरेगन राज्यात १९९७ पासून याला परवानगी आहे.

तिसरी : ज्या उपचाराने आता गुण येण्याची आशा उरली नाही, तो उपचार सुरू न करणे किंवा थांबवणे. उदाहरणार्थ, मरणपंथास लागलेल्या रोग्याचे श्वसनयंत्र काढणे.

चौथी : वेदना शमवण्यासाठी मॉर्फिनसारखे औषध पुरेशा प्रमाणात देणे.

आमचा विरोध पहिल्या दोन गोष्टींना आहे. तिसऱ्या व चौथ्या गोष्टींना ख्रिस्ती माणसाने भिण्याचे कारण नाही. मरणाला येऊ देणे आणि मरण आणणे यांत मोठे अंतर आहे. जन्मास एक समय आणि मरणास एक समय असतो, हे उपदेशक आपणांस शिकवतो (उपदेशक ३:२). शेवटचा श्वास यंत्राने महिनोन्महिने लांबवलाच पाहिजे, अशी देवाची आज्ञा नाही. ज्याची आशा मृतांच्या पुनरुत्थानावर आहे, त्याने यंत्राला कवटाळून बसावे हे शोभतही नाही. नळीने दिल्या जाणाऱ्या अन्नपाण्याविषयी मात्र ख्रिस्ती डॉक्टरांतही मतभेद आहेत. आमचे मत असे की, रोगी मरणोन्मुख नसेल आणि त्याचे शरीर अन्न स्वीकारत असेल, तोवर ते थांबवू नये.

२. आपल्या देशात कायदा काय म्हणतो?

जीविताच्या हक्कात मरण्याचा हक्क येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली ज्ञान कौर खटल्यात सांगितले. पुढे ९ मार्च २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने असा निर्णय दिला की, सन्मानाने मरण येऊ देणे हा जीविताच्या हक्काचाच भाग आहे. त्यामुळे बरे होण्याची आशा नसलेल्या रोग्याचे जीव लांबवणारे उपचार ठरावीक रीतीने थांबवता येतात, आणि "माझ्यावर असे उपचार करू नयेत" असे इच्छापत्र धडधाकट असतानाच लिहून ठेवता येते. ही रीत फार किचकट होती. ती २४ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयाने सुलभ केली. आता असे इच्छापत्र दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरीकडून किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करता येते. उपचार थांबवण्यापूर्वी डॉक्टरांच्या दोन मंडळांची संमती लागते. हे निर्देश रुग्णालयांत अमलात यावेत म्हणून कर्नाटक शासनाने जानेवारी २०२५ मध्ये आदेश काढला. बेळगाव भागातील आपल्या वाचकांनी याची नोंद घ्यावी.

न्यायालय याला निष्क्रिय दयामरण म्हणते. आमच्या वरील यादीत ही तिसरी गोष्ट आहे. प्राणघातक औषध टोचणे किंवा आत्महत्येस साहाय्य करणे हा आपल्या देशात आजही गुन्हा आहे. तो गुन्हाच राहावा, असे आम्हांला वाटते. का वाटते ते आता पवित्र शास्त्राच्या आधारे पाहू.

३. मरण मागणारे तिघे

शास्त्रात मरण मागणारी माणसे आहेत, आणि ती सगळीच अविश्वासू नाहीत. मोशेने मागितले (गणना ११:१५), योनाने मागितले (योना ४:३). आपण तिघांकडे पाहू.

पहिला एलीया. ईजबेलीच्या भीतीने तो पळाला. बैर-शेब्यास त्याने आपल्या चाकराला मागे सोडले आणि एकटाच रानात एक दिवसाची वाट चालून गेला. रतामाच्या झुडपाखाली बसून त्याने देवाजवळ मरण मागितले. एकटेपण आधी आले आणि मरणाची इच्छा मागाहून आली, हा क्रम शिक्षकांनी वर्गात दाखवून द्यावा. देवाने काय केले? मरण दिले नाही, आणि रागेही भरला नाही. झोपू दिले. देवदूताने स्पर्श करून उठवले, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू पुढे ठेवला. तो पुन्हा झोपला, तेव्हा दुसऱ्यांदा उठवून जेवू घातले. वाट तुला झेपणारी नाही हे मान्य केले. मरणाच्या प्रार्थनेला देवाने विश्रांती, स्पर्श आणि अन्न यांनी उत्तर दिले. याला आपण शुश्रूषा म्हणतो.

दुसरा शौल. गिलबोवाच्या लढाईत घायाळ झाल्यावर त्याने शस्त्रवाहकाला आपणांस ठार करण्यास सांगितले. शस्त्रवाहकाने ते केले नाही (१ शमुवेल ३१:४). पुढे एक अमालेकी दाविदाकडे येऊन सांगू लागला की, राजा यातनेत होता, त्याने विनंती केली, तो जगणार नाही अशी माझी खात्री झाली, म्हणून मी त्याला मारले. आज दयामरणासाठी जी कारणे सांगतात, ती सगळी या माणसाने सांगितली : यातना, रोग्याची विनंती आणि जगण्याची आशा नसणे. शौल मेल्याने दाविदाचा तर फायदाच होता. तरी दाविदाने ते सत्कृत्य मानले नाही. त्याच्याच कबुलीवरून त्याला दोषी ठरवले. येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. दाविदाने दिलेले कारण असे की, शौल हा परमेश्वराचा अभिषिक्त होता. मग साध्या माणसाचे काय? त्याचे उत्तर उत्पत्तीच्या पुस्तकात आहे. प्रत्येक मनुष्य देवाच्या प्रतिरूपाचा आहे, आणि म्हणूनच त्याचे रक्त पाडू नये (उत्पत्ती १:२७, ९:६). ते प्रतिरूप रोगाने, वार्धक्याने किंवा बुद्धी मंदावल्याने पुसले जात नाही.

तिसरा फिलिप्पै येथील बंदिशाळेचा नायक. भूकंप झाला, दारे उघडली, कैदी पळाले असे त्याला वाटले. कैदी निसटले तर पहारेकऱ्याच्या जिवावर बेतत असे. पेत्र सुटला तेव्हा हेरोदाने पहारेकऱ्यांना मारून टाकण्याचा हुकूम दिला होता (कृत्ये १२:१९). बेअब्रूपेक्षा स्वतःच्या तलवारीने मरणे रोमी माणसाला सन्मानाचे वाटे. सन्मानाने मरण हे शब्द आज पुष्कळ ऐकू येतात. नायकाच्या मनात तेच होते. पौल त्या वेळी खोड्यातून नुकताच सुटलेला, पाठीवर फटक्यांचे वळ असलेला कैदी होता. त्याने नायकाशी वाद घातला नाही. अंधारातून मोठ्याने ओरडून त्याने दोन गोष्टी सांगितल्या : स्वतःला इजा करू नकोस, आणि आम्ही कोणी गेलेलो नाही, सगळे इथेच आहोत.

प्रिय वाचकहो, या विषयावर मंडळीला जे सांगावयाचे आहे, ते सर्व या दोन वाक्यांत आहे. पहिले वाक्य निषेधाचे आहे, दुसरे सोबतीचे. दुसरे वाक्य ज्याला म्हणता येत नाही, त्याने पहिले वाक्य मोठ्याने म्हणू नये.

४. "माझे जीवन माझे आहे"

दयामरणाचे समर्थक म्हणतात, "शरीर माझे, जीवन माझे, ते केव्हा संपवावे हे मी ठरवीन." आपल्या विश्वासाप्रमाणे हे खरे नाही. आपण आपले स्वतःचे नाही, मोल देऊन विकत घेतलेले आहो, असे पौल करिंथकरांना लिहितो (१ करिंथ ६:१९-२०). आपण जगलो तरी प्रभूचे आणि मेलो तरी प्रभूचे (रोम १४:८). पौलाला स्वतःलाही ख्रिस्ताजवळ जाण्याची उत्कंठा होती. परंतु जाण्याची वेळ ठरवणे त्याने आपल्या हाती घेतले नाही, आणि इतरांसाठी देहात राहणे अधिक गरजेचे मानले (फिलिप्पै १:२१-२४).

जनावराच्या उदाहरणाचे उत्तरही येथेच आहे. जनावराला आपण सोडवतो, कारण त्याला धीर देणे, त्याच्याशी समेट करणे, त्याची क्षमा मागणे आपल्याला शक्य नसते. माणसाच्या शेवटच्या आठवड्यांत या सर्व गोष्टी घडू शकतात. वधस्तंभावरील चोराला प्रभूचे अभिवचन मिळाले, ते त्याच्या शेवटच्या घटकांत (लूक २३:३९-४३).

५. जे ख्रिस्ती नाहीत त्यांच्यावर आपला विश्वास का लादावा?

हा आक्षेप रास्त आहे. कायदा सर्वांसाठी असतो. केवळ आपले शास्त्र सांगते म्हणून तो सर्वांवर लादता येत नाही. परंतु ज्याने पवित्र शास्त्र उघडलेले नाही अशा माणसालाही पटावी अशी कारणे आहेत.

एक म्हणजे, असा कायदा झाला की हक्काचे पाहता पाहता कर्तव्य होते. आपल्याकडचे एखादे घर डोळ्यांपुढे आणा. सासूबाई दोन वर्षे अंथरुणावर आहेत. दवाखान्यासाठी शेत गहाण पडले आहे, नातीचे लग्न लांबणीवर गेले आहे. कोणी वाईट बोलत नाही, पण भिंतीपलीकडून हिशेबाची कुजबुज त्यांना ऐकू येते. अशा घरात कायद्याने दिलेला एक कागद आला, तर त्यावरचा अंगठा खरोखर कोणाच्या इच्छेने उमटेल? आजवर त्या माउलीला आपण का जगतो याचा खुलासा कोणाला द्यावा लागला नव्हता. कायदा झाल्यावर तिचे जगणे ही तिची निवड होईल, आणि निवडीचा जाब विचारता येतो.

ही केवळ कल्पना नाही. ऑरेगन राज्याच्या वार्षिक अहवालांत, असे मरण मागणाऱ्यांची कारणे नोंदलेली असतात. त्यांत वेदना अग्रभागी नाही. स्वतःच्या जीवनावरील ताबा जाणे, आवडीच्या गोष्टी करता न येणे, सन्मान गमावणे ही कारणे वरची आहेत. घरच्यांवर ओझे होण्याची भीतीही पुष्कळांनी सांगितलेली आहे.

दुसरे कारण असे की, कायद्याची कुंपणे हलतात. बेल्जियमने २०१४ साली वयाची अट काढून टाकली आणि समज असलेल्या, मरणोन्मुख मुलांनाही कायदा लागू केला. कॅनडात २०१६ साली मरण जवळ आलेल्यांसाठीच परवानगी होती. २०२१ साली ती अट गेली. तेथे २०२३ साली १५,३४३ जणांचा मृत्यू या रीतीने झाला. हे त्या वर्षीच्या सर्व मृत्यूंच्या ४.७ टक्के होते. न्यायाने हेही सांगू की ऑरेगनने सहा महिन्यांच्या आत मरण संभवणाऱ्यांपुरतीच मर्यादा ठेवली आहे. प्रत्येक देशात कुंपण हलतेच असे नाही. परंतु "ज्याला असह्य यातना आहेत त्याला मरणाचा हक्क आहे" हे तत्त्व एकदा मानले, की मरण जवळ नसलेल्या यातनाग्रस्ताला तो का नाही, याचे उत्तर देणे कठीण जाते. म्हणूनच अमेरिकेत १९९६ साली अपंग व्यक्तींनी अशा कायद्यांविरुद्ध संघटना उभारली. "तुमच्यासारखे जगण्यापेक्षा मरण बरे" असे कायद्याने म्हणावे, हे त्यांना मान्य नव्हते. त्यांचा युक्तिवाद धर्माचा नाही.

तिसरे म्हणजे डॉक्टरवरील भरवसा. मागितले तरी प्राणघातक औषध देणार नाही, अशी शपथ ग्रीक वैद्य ख्रिस्तापूर्वीच घेत असत. खाटेपाशी येणारा हात बरे करण्यासाठी किंवा आराम देण्यासाठीच येतो, ही खात्री गरीब रोग्याची मोठी ठेव आहे.

६. मग यातनांचे काय?

हा प्रश्न टाळून केलेला विरोध निष्ठुर होय. "देवाची इच्छा, सोसा" असे धडधाकट माणसाने म्हणणे सोपे असते. ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ गप्प बसले तोवर बरे होते (ईयोब २:१३). बोलू लागले तेव्हा चुकले.

वेदना शमवणे हे देवाच्या योजनेविरुद्ध नाही. मरणास टेकलेल्याला मद्य द्यावे, असे नीतिसूत्रांत आहे (नीति ३१:६). चांगल्या शोमरोन्याने जखमांवर तेल व द्राक्षारस ओतला (लूक १०:३४). प्रभूने वधस्तंभावर बोळमिश्रित द्राक्षारस घेतला नाही (मार्क १५:२३), तो आपल्या प्रायश्चित्ताच्या कार्यासाठी. तुम्हीही औषध नाकारा, अशी आज्ञा त्याने दिली नाही.

सिसली साँडर्स ही इंग्लंडमधील ख्रिस्ती स्त्री आधी परिचारिका, मग समाजसेविका आणि शेवटी डॉक्टर झाली. मरणोन्मुख रोग्याची वेदना शरीराची असते, तशीच मनाची, नात्यांची आणि आत्म्याचीही असते, असे तिने दाखवून दिले. १९६७ साली तिने लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केले. मॉर्फिन वेळच्या वेळी द्यावे, रोगी कळवळेपर्यंत थांबू नये, ही पद्धत तेथून जगभर गेली. तिचा दयामरणाला ठाम विरोध होता, आणि त्या विरोधामागे तिने आयुष्यभर केलेली सेवा उभी होती.

आपल्याकडे मुंबईत १९८६ साली शांती अवेदना सदन सुरू झाले; गोव्यातही त्याची शाखा आहे. केरळात १९९३ साली कालिकतला सुरू झालेल्या कामातून घरोघरी जाऊन शुश्रूषा करणारे स्वयंसेवक तयार झाले. पुणे आणि हैदराबाद येथेही कर्करोग्यांसाठी अशी सेवा आहे. मॉर्फिनवर १९८५ च्या कायद्याने घातलेले कडक निर्बंध २०१४ च्या दुरुस्तीने सैल झाले. तरी ते सर्वत्र मिळते असे नाही. म्हणून मरणाचा कायदा मागण्याआधी, तालुक्याच्या गावी वेदनेवर औषध मिळावे अशी मागणी झाली पाहिजे. मिरजेला डॉ. वानलेस यांनी १८९४ साली रुग्णालय उघडले, तेव्हापासून रोग्यांची सेवा हा आपल्या मंडळ्यांचा वारसा आहे. तो केवळ शताब्दीच्या भाषणांपुरता राहू नये.

७. सोबत म्हणजे काय?

अरुणा शानबाग मूळच्या उत्तर कन्नडातील हळदीपूरच्या. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात त्या परिचारिका होत्या. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी त्यांच्यावर भीषण अत्याचार झाला, मेंदूस इजा झाली, आणि त्या पुन्हा शुद्धीवर आल्या नाहीत. त्यांचे अन्न थांबवावे अशी याचना न्यायालयात झाली, तेव्हा रुग्णालयातील परिचारिकांनीच विरोध केला. ७ मार्च २०११ रोजी न्यायालयाने ती याचिका फेटाळली. त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार त्यांची वर्षानुवर्षे सेवा करणाऱ्या कर्मचाऱ्यांचा आहे, असे न्यायालयाने मानले. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने त्यांचा अंत झाला. एकेचाळीस वर्षांहून अधिक काळ परिचारिकांच्या पिढ्या बदलल्या. त्यांना भरवणारे, पुसणारे, कुशीवर वळवणारे हात मात्र थांबले नाहीत. त्यांतील बहुतेकींनी फिलिप्पैची कथा वाचलीही नसेल. तरी आम्ही इथेच आहोत, असे त्यांनी कृतीने म्हटले.

आपली मंडळी काय करू शकेल? अंथरुणावर असलेल्या सभासदांची यादी करावी आणि पाळी लावून दर आठवड्याला कोणीतरी जावे. केवळ प्रार्थनेपुरते जाऊ नये, दोन तास बसावे. म्हणजे रात्रंदिवस राबणाऱ्या सुनेला किंवा मुलीला उपासनेस येता येईल. मंडळीत परिचारिका असतील त्यांनी महिला मंडळाला व तरुणांना रोग्याला कूस कशी बदलवावी, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून काय करावे, हे शिकवावे. प्रभुभोजन घरी न्यावे. औषधासाठी निधी असावा, आणि तो मागण्याची वेळ येण्याआधी द्यावा. पक्षाघाती माणसाला चौघांनी उचलून प्रभूकडे आणले (मार्क २:३). त्या चौघांची नावे आपणांस ठाऊक नाहीत. पण ते नसते तर तो तेथे पोहोचला नसता.

आणि पुढल्या खेपेस ती वृद्ध भगिनी हात धरून तेच वाक्य बोलेल, तेव्हा चपला घालण्याची घाई करू नये. पुन्हा बसावे. "हो, तुमचे करणे सोपे नाही, पण तुम्ही आमच्या आहात, आम्ही कुठे जात नाही," असे खरे उत्तर द्यावे. ते खरे ठरेल अशी पाळीची यादी मंडळीच्या फलकावर लागलेली असावी.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांसाठी

हा पाठ मोठ्या मुलांच्या व तरुणांच्या वर्गातच घ्यावा. ज्या घरात कोणी आत्महत्या केली आहे, त्या घरातील मूल वर्गात असू शकते; गेलेल्याचा न्याय आपण करू नये. वर्गातील कोणी स्वतःच्या जिवाविषयी निराशेने बोलला, तर वाद घालू नका, त्याला एकटे सोडू नका, आईवडिलांना व पाळकांना कळवा आणि डॉक्टरकडे न्या. शासनाच्या टेली-मानस सेवेचा क्रमांक १४४१६ असा आहे.

चर्चेसाठी प्रश्न

१. एलीयाने चाकराला मागे सोडले, या गोष्टीला या कथेत काय महत्त्व आहे?
२. अमालेक्याने सांगितलेली कारणे आणि आज सांगितली जाणारी कारणे यांत कोणते साम्य आहे?
३. उपचार थांबवणे आणि जीव घेणे यांतील फरक स्वतःच्या शब्दांत सांगा.
४. पौलाच्या दोन वाक्यांपैकी दुसरे वाक्य आपल्या मंडळीतील कोणाला या आठवड्यात ऐकवायचे आहे? तेथे कोण जाणार?